कोजागिरीला, अगदी माथ्यावर

रविवार, 9 ऑक्टोबर 2022. संध्याकाळचे 6 वाजून 47 मिनिटं. कोकणातल्या म्हसळ्यात, एका चिरेबंदी घराच्या अंगणात तुम्ही उभे आहात. आज कोजागिरी. आत दूध आटतंय, जायफळाचा वास बाहेरपर्यंत येतोय. पूर्वेला चंद्र उगवून अर्धा तास होऊन गेलाय, पण तुम्ही मान सरळ वर करा. माथ्यापासून जेमतेम अडीच अंशांवर, शर या चिमुकल्या तारकासमूहाच्या दिशेने, आजवर नोंदला गेलेला सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट या क्षणी पृथ्वीवर पोचतोय. डोळ्यांना काही दिसणार नाही. हे किरण हवा अडवते. वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर मात्र हादरलाय.

आता त्या किरणाचा माग धरून उलटे चला. म्हसळा जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलात होता तेव्हाही तो वाटेतच होता. 6.6 कोटी वर्षांपूर्वी खाली लाव्हा वाहतोय, कोकणचा काळा कातळ घडतोय, आणि किरणाचा बहुतेक प्रवास उरकलेला आहे. आणखी मागे जा, सुमारे 190 कोटी वर्षं. पृथ्वीवर एक झाड नाही, एक मासा नाही. तिकडे एका अवजड ताऱ्याचा गाभा कोसळतो आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एक झोत बाहेर पडतो.

स्फोटाचा भर काही मिनिटांचा. मला भुलवते ती मागे उरणारी दीप्ती. तिला विझत्या निखाऱ्याची उपमा देतात, ती मला पटत नाही. निखारा नुसता निवतो. इथे झोत भोवतालच्या वायूवर आदळतो, चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गरगरतात आणि प्रकाश टाकतात. वायू ढकलता ढकलता झोत मंदावतो, तसं प्रकाशाचं शिखर क्ष-किरणांकडून दृश्य प्रकाशाकडे आणि शेवटी रेडिओ लहरींकडे सरकतं. उजेड साधारण असा उतरतो: तासाभराने जेवढा होता, त्याचा दहावा हिस्सा दहा तासांनी. हा उतार मध्येच तीव्र झाला, तर झोत किती अरुंद होता ते कळतं. म्हणून रात्रीमागून रात्र मोजत राहायचं.

परत अंगणात या. 7 वाजून 40 मिनिटं. स्विफ्ट उपग्रहाला ही दीप्ती आत्ता सापडलीय, स्फोटानंतर 53 मिनिटांनी. लडाखमध्ये हानले इथली 70 सेंटिमीटर आरशाची ग्रोथ-इंडिया दुर्बीणही तिचा माग घेईल. आपल्याच घाटमाथ्यापलीकडे, नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत. 29 मार्च 2003 च्या अशाच एका स्फोटाची रेडिओ दीप्ती त्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ ऐकली होती. दृश्य उजेड विझल्यावरही रेडिओ लहरी रेंगाळतात, म्हणून एवढा धीर धरता येतो.

दूध प्या आणि एक वर्ष पुढे या. 28 ऑक्टोबर 2023, पुन्हा कोजागिरी. आज मध्यरात्रीनंतर खंडग्रास चंद्रग्रहण आहे, घरात दूध कधी नैवेद्याला ठेवायचं यावर बोलणं चाललंय. आकाशातली स्फोटाची ती जागा यंदा संध्याकाळी 6 वाजून 47 मिनिटांनी माथ्यावरून थोडी पश्चिमेला कललीय. त्या काही मिनिटांच्या स्फोटाचा रेडिओ उजेड जगातल्या दुर्बिणी अजून मोजतायत.