द्राक्षवेलींची नावे व त्यांची गणना

द्राक्षमद्याचे प्रकार किती, हा प्रश्न रोमन ग्रंथकारांनाही पडला होता. थोरला प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या १४ व्या खंडात सांगतो की, वेलींच्या सर्व जाती मोजता येतील असे मानणारा डिमॉक्रिटस हा एकटाच, इतरांनी त्या अगणित ठरविल्या. जगातील नामांकित मद्ये सुमारे ८० मानून त्यांपैकी दोनतृतीयांश तो इटलीच्या पदरात टाकतो. यातील स्वदेशाभिमान उघड आहे.

परंतु खरी अडचण संख्येपेक्षा नावांची आहे. एकाच वेलीस गावोगाव निराळे नाव, आणि एका नावाखाली निरनिराळ्या वेली! एकोणिसाव्या शतकात बोर्दो प्रांतातून चिली देशात नेलेल्या वेलींत 'मर्लो'बरोबर 'कार्मेनेर'ही मिसळून गेली. पुढे फिलोक्सेरा नामक किडीने फ्रान्समधील मळे उद्ध्वस्त केले व कार्मेनेर तेथून जवळजवळ नामशेष झाली. चिलीत मात्र ती मर्लो म्हणूनच लावली, खुडली व विकली जात होती. तिचे फळ कित्येक आठवडे उशिरा पिकते, हे मळेवाल्यांच्या नजरेतून सुटले नव्हते; पण तो मर्लोचाच स्थानिक पोटभेद, अशी त्यांची समजूत होती. अखेर १९९४ मध्ये फ्रेंच संशोधक झां-मिशेल बूर्सिको यांनी तिची ओळख पटविली, आणि तीही मद्य चाखून नव्हे, तर मळ्यातील वेल न्याहाळून.