बीटल्स की स्टोन्स? एका भांडणाचं कूळ

१० सप्टेंबर १९६३. लंडनच्या ग्रेट न्यूपोर्ट स्ट्रीटवरच्या 'स्टुडिओ ५१' या क्लबात पाच पोरं तालमीला जमली होती आणि पुरती अडली होती. पहिली रेकॉर्ड बाजारात आली होती, दुसरीसाठी गाणं काही सापडत नव्हतं. त्यांचा मॅनेजर अँड्र्यू लूग ओल्डहॅम वैतागून बाहेर पडला, तर रस्त्यात जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी भेटले. दोघं त्याच्याबरोबर तालमीला आले, आपलं एक अर्धवट गाणं ऐकवलं, पोरांना आवडलं म्हटल्यावर बाजूला बसून तिथल्या तिथे पुरं केलं आणि देऊन टाकलं.

ती पाच पोरं म्हणजे रोलिंग स्टोन्स आणि ते गाणं 'आय वॉना बी युअर मॅन'. १ नोव्हेंबरला स्टोन्सची रेकॉर्ड निघाली आणि ब्रिटनच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत चढली. तीन आठवड्यांनी तेच गाणं बीटल्सच्या दुसऱ्या एलपीवर आलं, रिंगो स्टारच्या आवाजात. 'बीटल्स मोठे की स्टोन्स' हे भांडण साठ वर्षं झाली तरी मिटलेलं नाही. पण त्याच्या मुळाशी वैर नाही, एका गाण्याची देवघेव आहे.

त्याआधीचा दुवा तर आणखी बोलका आहे. डेक्का कंपनीच्या डिक रो यांच्या माथी बीटल्सना नाकारल्याचा शिक्का बसला होता. मे १९६३ मध्ये लिव्हरपूलच्या एका स्पर्धेला ते परीक्षक म्हणून गेले, तेव्हा शेजारी बसलेल्या जॉर्ज हॅरिसनने त्यांना स्टोन्सचं नाव सांगितलं. त्याच महिन्यात डेक्काने स्टोन्सना करारात बांधलं. म्हणजे स्टोन्सना कंपनी मिळाली ती एका बीटलच्या शब्दावर.

मग दोन तट पाडले कोणी? ओल्डहॅमने. बीटल्सचे मॅनेजर ब्रायन एपस्टाइन यांच्याकडे त्याने प्रसिद्धीचं काम केलेलं होतं, त्यामुळे तिकडचं गणित त्याला पाठ होतं. तिकडे सूट आणि वाकून नमस्कार, तर इकडे विस्कटलेले केस आणि आठ्या. मार्च १९६४ मध्ये 'मेलडी मेकर' या साप्ताहिकाने मथळ्यातच विचारलं, की तुमची बहीण तुम्ही एखाद्या रोलिंग स्टोनबरोबर जाऊ द्याल का? खरी पार्श्वभूमी नेमकी उलटी होती. हॅम्बुर्गच्या क्लबांत कातडी जाकिटं घालून रात्र रात्र वाजवणारे बीटल्स सभ्य ठरले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेला मिक जॅगर रानटी ठरला. पडद्यामागे मात्र दोन्ही चमू रेकॉर्डच्या तारखा एकमेकांना विचारून ठरवत, म्हणजे एकाच आठवड्यात दोघांची टक्कर व्हायला नको. १९६७ मध्ये स्टोन्सच्या 'वी लव्ह यू'मध्ये लेनन-मॅकार्टनी मागून गायले आणि बीटल्सच्या 'ऑल यू नीड इज लव्ह'च्या जगभर दाखवलेल्या प्रक्षेपणात जॅगर जमिनीवर बसून ऐकत होता.

मराठी माणसाला ही रचना अनोळखी वाटायचं कारण नाही. आपल्या शाहिरांचे कलगी आणि तुरा असे दोन पंथ होते. तुकनगीर आणि शाहअली अशा दोघांना चंदेरीच्या राजाने आपल्या शिरपेचातला तुरा आणि कलगी बहाल केली, अशी त्याची आख्यायिका सांगतात. तुरेवाले शिवाचं श्रेष्ठत्व सांगणार, कलगीवाले शक्तीचं. डफावर आपापलं चिन्ह लावून समोरासमोर उभं राहायचं आणि कूटप्रश्न टाकायचे. समोरच्याच्या कवनातला धागा उचलून त्यालाच उत्तर द्यायचं, म्हणजे त्याचं कवन आपल्याला त्याच्याइतकंच ठाऊक हवं. कोकणात तोच प्रकार शक्ती-तुरा म्हणून जाखडीच्या नाचात नांदतो आणि चाकरमान्यांबरोबर तो मुंबईतही आला. मधोमध शाहीर आणि ढोलकी, भोवती पायात चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचं रिंगण, आणि बाहेर आपल्या शाहिराचा सवाल रोखून लागला की शिट्ट्या मारणारे शक्तीवाले किंवा तुरेवाले.

नाटकवेड्या महाराष्ट्रानेही असाच एक वाद मनापासून जपला. १९१३ पासून बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि १९०८ पासून केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श. बालगंधर्वांची तालीम भास्करबुवा बखल्यांची, केशवरावांची रामकृष्णबुवा वझ्यांची. एकाची लाडिक, लयीत मुरलेली गायकी, दुसऱ्याची चढ्या आवाजाची तडफ. ज्याने त्याने आपला गायक निवडला आणि दुसऱ्याच्या गायकाला नावं ठेवली. मग ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' लागलं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, आणि समोर दोन्ही तट एकाच छपराखाली. रंगमंचावरचे दोघे एकमेकांच्या गाण्याला जागून गायले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. त्या रात्रीची आठवण मराठी रसिकांनी शंभर वर्षं सांभाळली आहे.

मुंबईच्या मरोळमध्ये गिटारची आणि शाहिरीची, अशा दोन्ही वंशावळी एकाच वस्तीत भेटतात. इथलं सेंट जॉन चर्च मूळचं १५७९ सालचं. त्याचे जुने अवशेष सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या आवारात आहेत, आणि १८४० मध्ये साथीच्या भीतीने ते मरोळला हललं. चर्चभोवती ईस्ट इंडियन कुटुंबांचं गावठाण. घरात मराठीची आपली बोली, रविवारी क्वायर, लग्नात उंबराचं पाणी आणताना वाजणारा बँड. चार स्वर एकदम लावून त्यांचा मेळ बसवणं या कानांना लहानपणापासून ठाऊक, त्यामुळे गिटार आली ती ओळखीच्या घरात आली. सुक्या मासळीच्या बाजाराच्या आसपासच्या चाळींत कोकणातली मंडळी, आणि त्यांच्याबरोबर गणपतीतले शक्ती-तुऱ्याचे सामने. बाजू घेऊन ऐकायची सवय गल्लीच्या दोन्ही टोकांना होतीच.

मुंबईला हे भांडण नुसतं बाहेरून ऐकावं लागलं असंही नाही. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनने इथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक'चा भाग ध्वनिमुद्रित केला. आशिष खाँचा सरोद आणि शिवकुमार शर्मांचं संतूर त्यात आहे. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट'चं वादन झालं आणि त्यातली बासरी हरिप्रसाद चौरसियांची. मार्चमध्ये ते बीटल्सच्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला निघालं. बीटल्स चौघे मिळून मुंबईत कधीच वाजले नाहीत. स्टोन्स मात्र एप्रिल २००३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले, आणि गावठाणातल्या स्टोन्सवाल्यांना तेव्हापासून एक हुकमी एक्का मिळाला आहे.

मी बीटल्सवाला. सात-आठ वर्षांत त्यांनी जेवढे प्रकार हाताळले, तेवढे कुणाला जमले नाहीत, हे माझं मत आजही कायम आहे. पण ज्या गाण्याने हे सगळं सुरू झालं, ते दोघांचं एकापाठोपाठ लावून बघा. बीटल्सचं गाणं हसत पुढे जातं. रिंगो मजेत गातो, मागून दोघं साथीला ओरडतात, आणि गाणं जसं आलं तसं निघून जातं. स्टोन्सच्या गाण्यात ब्रायन जोन्सची स्लाइड गिटार आहे. तारेवर नळी घासत तो एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, खाली बिल वायमनचा बेस जोरात धावतो, आणि त्याच शब्दांत एक धमकी शिरते. मॅकार्टनीच्या घरातलं गाणं, पण धार आली ती स्टोन्सच्या हातात. माझ्या मते या एका गाण्यात स्टोन्स जिंकतात.

हे मला एकट्याने ऐकताना कधीच कळलं नसतं. पलीकडच्या बाकावरचा स्टोन्सवाला 'आधी गिटार ऐक, मग बोल' म्हणाला, म्हणून कळलं. त्याला हरवायचं तर त्याची रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकावी लागते. तोही त्याच कारणाने बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर' ही एलपी कोळून प्यालेला असतो. ओल्डहॅमने तट पाडले ते रेकॉर्डी खपाव्यात म्हणून. पण तट टिकले ते या ऐकणाऱ्यांमुळे, आणि त्यांनी त्यातून स्वतःचे कान घडवले. शाहिरांच्या रिंगणाबाहेर उभ्या असलेल्यांनी हेच केलं, बालीवाला थिएटरात बसलेल्यांनीही हेच केलं.

आज फोनमधलं यंत्र आपल्याला आवडेल तेच पुढ्यात वाढतं. न आवडणारं गाणं लक्ष देऊन ऐकायला भाग पाडणारं कुणी उरत नाही. म्हणून हे भांडण नव्या पोरांनी पुढे चालवावं असं मला फार वाटतं. बँड कुठलेही घ्या, गायक कुठलेही घ्या. अट एकच, तीही शाहिरांच्या फडातली: समोरच्याचं कवन पाठ असेल, तरच त्याच्यासमोर तोंड उघडायचं.