शिमला ऑफिस आणि १८९९ चा फसलेला अंदाज

पुण्यात शिवाजीनगरला जाऊन ‘शिमला ऑफिस’ विचारले, की रिक्षावाला मुकाट मीटर टाकतो. शिमला इथे कुठून आले? मित्रहो, या नावामागे दुष्काळाची चाहूल आधी घेण्याचा दीर्घ खटाटोप दडला आहे.

हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि लगेच १८७६-७८ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी सूत्र मांडले : हिमालयात बर्फ जास्त, तर मैदानात पाऊस कमी. १८८६ पासून पावसाळ्याचा अंदाज नियमित प्रसिद्ध होऊ लागला.

पुढे जॉन एलियट आले. १८९९ साली त्यांनी सरासरीहून अधिक पाऊस वर्तवला आणि त्याच वर्षी गुजरात-वऱ्हाडात पावसाने पाठ फिरवली. गुजरात-राजपुतान्यात तो दुष्काळ संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणून स्मरणात राहिला. वृत्तपत्रांनी खात्याची खिल्ली उडवली. मग काही वर्षे अंदाज गोपनीयच ठेवले गेले! चूक झाली म्हणून सूचनाच दडवायची, हा उपाय मला चुकीपेक्षाही गंभीर वाटतो.

१९०४ मध्ये सूत्रे हाती घेणारे गिल्बर्ट वॉकर गणिती होते. जगभरच्या नोंदी पडताळताना त्यांना हिंदी व प्रशांत महासागरांवरील वायुदाबाचा झोका सापडला. आज ‘एल निनो’ची बातमी आपण वाचतो, तिची एक मुळी इथे आहे.

१९२८ साली खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यास आले. नावही सोबत आले. १९३२ मध्ये तेथे कृषी हवामान विभाग निघाला. तोवर शेतकऱ्याचा आधार सहदेव-भाडळीच. त्याच्यासाठी आकाशवाणीवर हवामानवृत्त सुरू व्हायला १९४५ उजाडले.

आमच्या जामसंड्यात मात्र प्रश्न निराळा. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण कातळावरून तो थेट खाडीला मिळतो आणि वैशाखात विहिरी तळ दाखवतात. इथे ‘सरासरीइतका पाऊस’ ही सुवार्ता अपुरी. जुलैत लावणीच्या वेळी उघडीप किती दिवसांची, हे कळायला हवे. त्याहून महत्त्वाची विहिरीची पातळी. १९७२ साली स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा पावसाळा सरताच निरीक्षण विहिरी मोजते आणि संभाव्य टंचाईच्या गावांचा अहवाल काढते. टँकरची वेळ येण्याआधी हाताशी पाच-सहा महिने असतात. ग्रामसभेत तो अहवाल मोठ्याने वाचलेला मी अजून ऐकलेला नाही.