खाल्ल्या वड्याची नोंद

आपल्याकडे खाण्याचा इतिहास लिहिणारे पदार्थांबद्दल लिहितात. पैसे कसे दिले, ते कोणी लिहीत नाही. म्हणजे ते काम बँकेतल्या कारकुनावर आलं!

गिरणगावातला कामगार खाणावळीत महिनाभर जेवायचा आणि पगार झाला की हिशेब चुकता करायचा. तारण काय, तर तोंडओळख. खाणावळवाली मात्र वाण्याकडून धान्य उधार आणायची, सावकाराचं व्याज भरायची. म्हणजे भात त्याच्या पोटात आणि गोळा हिच्या पोटात. बँकेची पायरी तिला ठाऊक नव्हती. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. (आमच्या जमातीच्या नावावर पुण्य थोडंच, म्हणून मुद्दाम सांगितलं.) मग १९८२ चा संप आला आणि जेवणारी पानंच उठली.

पुढचं मोठं वर्ष २०१६. एप्रिलमध्ये यूपीआय आलं, ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा गेल्या. वडापावच्या गाडीवर ठिपक्याठिपक्यांचा चौकोनी पुठ्ठा लटकला. सुट्ट्याऐवजी हातावर पडणारी गोळी गेली. आता गाडीवरची डबी किती रुपये आले ते अख्ख्या रस्त्याला ओरडून सांगते. गाडीवाला अजून एखाद्याला ‘राहू द्या, उद्या द्या’ म्हणतो. डबी म्हणत नाही.

शिवाय वडा जिरतो, नोंद जिरत नाही. आमच्या शाखेतल्या एका खातेदारांना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलेलं. एके दिवशी त्यांच्या सौभाग्यवती पासबुक घेऊन काउंटरवर आल्या, मागे हे.

“अहो, ही बाई कोण? आठवड्यातून तीनदा पंधरा रुपये?”

गाडीवाल्याचं खातं बायकोच्या नावावर! वडा कबूल करावा तर पथ्य उघडं पडतं, न करावा तर बाई शिल्लक राहते. गृहस्थांनी घाम पुसत वडा कबूल केला.

सप्टेंबर २०२२ मध्ये यूपीआय लाइट निघालं. त्यात किरकोळ रकमा पासबुकात एकेक उमटत नाहीत, फक्त पैसे भरल्याची नोंद होते. पासबुकं भरून वाहू लागली होती, म्हणून ही सोय. सुरुवातीला मर्यादा एका वेळी २०० रुपये. म्हणजे तेरा वडे.

परवा ते गृहस्थ एकटेच आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “ते लाइट का काय म्हणतात, ते कसं चालू करायचं हो?”