मेकॅनो गिल्ड : एका खेळण्याभोवती जमलेल्या संघटनेचा उदय आणि ऱ्हास

खेळणी तयार करणाऱ्या कंपनीने आपल्या बालग्राहकांची देशोदेशी पसरलेली संघटना बांधावी, तिला उद्दिष्टे, बिल्ला, पदाधिकारी आणि मुखपत्र द्यावे, आणि पुढे कंपनीचे व्यापारी गणित बिघडताच तीच संघटना निराधार व्हावी, असा प्रकार विसाव्या शतकात इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात घडला. मेकॅनो या खेळण्याचा इतिहास बहुधा त्याचा जनक फ्रँक हॉर्नबी याच्या कल्पकतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु सभासदांना एकमेकांशी जोडणारी सगळी साधने कंपनीच्या मालकीची असली म्हणजे समुदायाचे आयुष्य कंपनीच्या ताळेबंदाला कसे बांधले जाते, हे समजून घेण्यासाठी मेकॅनो गिल्डचा इतिहास अधिक उपयोगी आहे.

हॉर्नबी (१८६३–१९३६) हा लिव्हरपूलमध्ये मांसाची आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कारकून होता. आपल्या मुलांसाठी खेळातल्या याऱ्या आणि पूल तयार करताना प्रत्येक प्रतिकृतीसाठी नवे भाग कापण्याऐवजी ठराविक अंतरावर भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टांनी जोडाव्यात आणि काम झाल्यावर सोडवून पुन्हा वापराव्यात, ही कल्पना त्याला सुचली व १९०१ साली त्याने तिचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळवले. दोन भोकांमधील अंतर अर्ध्या इंचाचे ठरले आणि ते पुढे कधीही बदलले गेले नाही, त्यामुळे आजोबांच्या पेटीतील पट्टी नातवाच्या पेटीतील पट्टीशी बिनतक्रार जुळत असे. आरंभी ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या या संचांना १९०७ मध्ये ‘मेकॅनो’ हे नाव मिळाले, १९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि १९१४ पासून लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील कारखाना तिचे मुख्य ठाणे बनला.

संचांची रचना विक्रीच्या दृष्टीने चतुर होती. प्रत्येक संचाला क्रमांक असे आणि १ क्रमांकाचा संच असणाऱ्याने १-ए हा पूरक संच घेतला की दोन्ही मिळून २ क्रमांकाचा संच तयार होई, त्यानंतर २-ए घेतला की ३ क्रमांकाचा. हा जिना चढत जाणारा मुलगा दर वाढदिवसाला आणि नाताळाला कंपनीचा ग्राहक राही. मात्र त्यासाठी त्याचा उत्साह दोन खरेद्यांच्या मधल्या महिन्यांतही टिकवून धरणे आवश्यक होते, आणि संघटनेची व्यापारी गरज नेमकी येथे निर्माण झाली.

‘मेकॅनो मॅगझिन’ हे नियतकालिक १९१६ साली चार पानांच्या मोफत पत्रकाच्या रूपात निघाले. ठिकठिकाणच्या मुलांनी स्वतःहून मेकॅनोची मंडळे काढली होती. ती आणि एकएकटे खेळणारे असंख्य मुलगे यांना एका छत्राखाली आणण्यासाठी हॉर्नबीने १९१९ मध्ये मेकॅनो गिल्डची स्थापना केली व त्याचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. गिल्ड म्हणजे मध्ययुगीन युरोपातील एकाच व्यवसायाच्या कारागिरांचा संघ, आपल्याकडच्या श्रेणीसारखा, आणि हे नाव घेण्यात मुलांना कारागिराची प्रतिष्ठा देण्याचा हेतू स्पष्ट दिसतो. मुलांचे जीवन अधिक आनंदी करणे, स्वच्छ मन, सत्यनिष्ठा, महत्त्वाकांक्षा व पुढाकार या गुणांची जोपासना करणे आणि अभ्यास, छंद व विशेषतः यंत्रशास्त्राची तत्त्वे यांत त्यांना उत्तेजन देणे ही गिल्डची तीन उद्दिष्टे होती. ती वाचताना बालवीर चळवळीची आठवण होते, फरक इतकाच की या नीतिपाठाच्या पाठीमागे एक किंमतपत्रक होते. तरीही तो केवळ देखावा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण हॉर्नबीच्या पिढीतील उद्योजकांना नफा आणि चारित्र्यघडण यांत विरोध दिसतच नव्हता.

गिल्डशी संलग्न मंडळांना प्रौढ मार्गदर्शक आवश्यक असे, बाकी कारभार बऱ्याच अंशी मुलेच पाहत आणि त्यांचा चिटणीस सभांचे, प्रदर्शनांचे व सहलींचे वृत्त लिव्हरपूलला पाठवी. त्यांतील निवडक वृत्ते मॅगझिनमध्ये छापून येत. मंडळ नसलेल्या गावातील सभासदाला पत्रमैत्रीच्या शाखेमार्फत परदेशातील सभासदाचा पत्ता मिळे, आणि नव्या सभासदांची भरती करणाऱ्याला पदक मिळे. अशा रीतीने मुले एकमेकांना ओळखत होती हे खरे, पण त्या ओळखीची वाट जवळजवळ नेहमी बिन्स रोडवरून जात होती. आणखी एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे : कंपनीच्या जाहिराती, पुस्तिका आणि गिल्डची उद्दिष्टे या सर्वांत मुलगा हाच गृहीत धरलेला होता, त्यामुळे यंत्रांची आवड असलेल्या मुलींना या बंधुत्वात अधिकृत स्थान जवळजवळ नव्हतेच.

दोन महायुद्धांमधील काळ गिल्डच्या भरभराटीचा होता. १९२० मध्ये हॉर्नबी रेल्वेगाड्या आणि १९३४ मध्ये डिंकी टॉइज हे नाव घेतलेल्या छोट्या मोटारी बाजारात आल्या, निकेलचा मुलामा दिलेल्या पट्ट्या १९२६ पासून लाल-हिरव्या रंगांत मिळू लागल्या आणि मॅगझिन खेळण्याच्या जाहिरातीपुरते न राहता पूल, जहाजे, विमाने व आगगाड्या यांविषयीचे वाचनीय मासिक झाले. मेकॅनोची योग्यता खेळापलीकडची आहे याचा पुरावाही याच काळात मिळाला. मँचेस्टर विद्यापीठातील गणिती डग्लस हार्ट्री आणि त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी १९३४ साली डिफरन्शियल अ‍ॅनालायझर, म्हणजे फिरत्या चकत्या व दांड्यांच्या साहाय्याने विकलक समीकरणे सोडवणारे यंत्र, मुख्यत्वे मेकॅनोच्या भागांतून उभे केले. केंब्रिजमध्ये तयार झालेले याच जातीचे यंत्र पुढे न्यूझीलंडला गेले आणि ते ऑकलंडच्या संग्रहालयात जतन केलेले आहे.

दुसऱ्या महायुद्धात कारखाना युद्धसामग्रीकडे वळवला गेला, धातूच्या खेळण्यांचे उत्पादन थांबले आणि कागदटंचाईमुळे मॅगझिनचा आकार आक्रसला. युद्धानंतर विक्री पुन्हा वाढली खरी, परंतु कंपनीचे धोरण १९३०च्या दशकातच रेंगाळले होते. प्रतिस्पर्धी ट्राय-अँगच्या गाड्या दोन रुळांवर धावत असताना कंपनीच्या हॉर्नबी डब्लो गाड्यांसाठी १९५९ पर्यंत वीजपुरवठ्याच्या तिसऱ्या रुळाचाच आग्रह धरला गेला. १९५६ मध्ये आलेल्या कॉर्गी मोटारींना पारदर्शक खिडक्या होत्या, तेव्हा डिंकीला त्यांच्यामागे धावावे लागले. जोडून चिकटवण्याचे प्लॅस्टिकचे विमानसंच स्वस्त होते, १९६० मध्ये ब्रिटनमध्ये आलेले लेगो लहान मुलाच्या बोटांना सोपे होते, आणि संध्याकाळचा वेळ दूरदर्शन संचाने व्यापला होता. मेकॅनोच्या एखाद्या मोठ्या यारीसाठी लागणारे दोन-तीन आठवड्यांचे चिकाटीचे काम या नव्या दिनक्रमात बसेनासे झाले. तथापि बदललेल्या बालपणावर सगळा दोष टाकणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही, कारण त्याच बदललेल्या बालपणात इतर खेळणी उत्तम खपत होती.

१९६४ मध्ये ट्राय-अँगची मालक असलेल्या लाइन्स ब्रदर्स या कंपनीने मेकॅनो लिमिटेड विकत घेतली. नव्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने मॅगझिन आणि गिल्ड या खर्चाच्या बाबी होत्या, आणि सभासदांना सांधणारा हाच दुवा प्रथम तुटला. मॅगझिन १९६७ मध्ये थांबले, १९६८ मध्ये बाहेरच्या प्रकाशकाकडे सुरू झाले, तेथेही काही वर्षांत बंद पडले आणि १९७३ पासून त्रैमासिकाच्या रूपात १९८१ पर्यंत कसेबसे चालले. कारखाना बंद पडण्याच्या कितीतरी आधी गिल्ड निष्प्राण झाले होते, हा क्रम महत्त्वाचा आहे. लाइन्स ब्रदर्स १९७१ मध्ये कोसळल्यावर मेकॅनो एअरफिक्स या कंपनीच्या ताब्यात गेली आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद करण्यात आला. कामगारांनी तो काही काळ व्यापून धरला, पण निर्णय बदलला नाही. १९८१ मध्ये एअरफिक्सचेही दिवाळे वाजले आणि उत्पादन फ्रान्समधील कॅले येथील कारखान्याच्या आधाराने तगले.

गिल्ड संपले तरी गिल्डमध्ये वाढलेली माणसे संपली नव्हती. इंग्लंडमध्ये प्रौढ हौशी कारागिरांनी मिडलँड्स आणि नॉर्थ मिडलँड्स येथे स्वतंत्र संघ काढले, त्यांनी गिल्ड हेच जुने नाव धारण केले, आणि १९८९ मध्ये इंटरनॅशनल सोसायटी ऑफ मेकॅनोमेन ही आंतरराष्ट्रीय संस्था अस्तित्वात आली. स्केग्नेस येथे भरलेल्या नॉर्थ मिडलँड्स संघाच्या वार्षिक प्रदर्शनांत देशोदेशीच्या अवाढव्य प्रतिकृती मांडल्या जात. बारा वर्षांच्या मुलांसाठी काढलेली संघटना अशा प्रकारे मुख्यतः निवृत्त पुरुषांची झाली. हे अनुयायी कंपनीपेक्षा अधिक निष्ठावान ठरले, परंतु त्यांची निष्ठा चालू संचांवर नसून बिन्स रोडच्या जुन्या मालावर होती, आणि कंपनीला अशा ग्राहकाकडून फारसे काही मिळत नसल्यामुळे दोघांमधील अंतर वाढतच गेले. जुन्या संचांच्या किमती संग्राहकांनी चढवल्या, त्यामुळे नवशिक्या मुलाला या छंदात शिरणे महाग पडू लागले. समुदायाने स्वतःच्या प्रेमाने स्वतःचे दार अरुंद केले, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

न मिळणाऱ्या भागांची सोय मात्र या मंडळींनीच लावली. जुन्या मापांच्या पट्ट्या, पितळी दंतचक्रे आणि रंगवलेल्या तबकड्या घडवणारे लहान उत्पादक पुढे आले आणि ते संघांच्या प्रदर्शनांत आपला माल विकू लागले. २०१३ मध्ये मेकॅनो हे नाव कॅनडाच्या स्पिन मास्टर कंपनीकडे गेले, आणि २०२३ मध्ये त्या कंपनीने कॅले येथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. त्यावर फ्रान्समध्ये कामगारांच्या रोजगाराची चर्चा झाली. हौशी संघांना मात्र सुट्या भागांसाठी कॅलेवर विसंबण्याची गरज बऱ्याच आधी उरली नव्हती.