कुंपण कोणी पाडले? ८०व्या स्तोत्राचा ख्रिस्ती अन्वयार्थ

स्तोत्रसंहितेतील ८०व्या स्तोत्रात पुनःस्थापनेची याचना ध्रुपदासारखी तीनदा येते. मिसरातून आणून लावलेला द्राक्षवेल म्हणजे इस्राएल. त्याचे कुंपण मात्र खुद्द देवानेच पाडले आहे, आणि स्तोत्रकर्ता त्याचा जाब देवालाच विचारतो. याचना आणि तक्रार यांची ही गाठ हाच या रचनेचा प्राण होय. ख्रिस्ती भाष्यकारांनी येथील ‘मानवपुत्र’ ख्रिस्ताकडे वळविला. ऑगस्टीनला या स्तोत्रात ख्रिस्ताचे आगमन आणि त्याचा द्राक्षमळा दिसला. (ज्यू परंपरेतील अरामी तार्गुमही येथे मशीहा राजा वाचते, तेव्हा हा अन्वयार्थ सर्वस्वी उपरा म्हणता येत नाही.) परंतु द्राक्षमळा म्हणजे चर्च असे ठरले, की तो उकरणारे रानडुक्कर कोण, हा प्रश्न अटळ ठरतो. १५२० साली पोप दहावा लिओ याने ल्यूथरच्या मतांविरुद्ध काढलेल्या ‘एक्सुर्गे दोमिने’ या आज्ञापत्रात हे रानडुक्कर पाखंडाचे रूप घेऊन अवतरते. कुंपण कोणी पाडले, हे आज्ञापत्र विचारीत नाही. प्रतिमा तीच, पण देवाला विचारलेला जाब गळून पडला आणि याचनेचे आरोपपत्र झाले. ज्याच्यावर ते रोखले गेले, त्या ल्यूथरने १५१३ ते १५१५ या काळात विटेनबर्गच्या विद्यापीठात स्तोत्रसंहिताच शिकविली होती.