राजधानी सोडावी कीं न सोडावी?

शत्रु देशांत घुसला, तर सैन्यानें कोठें उभें राहावें हें सेनापति ठरवितो. परंतु सरकारी कचेऱ्यांनीं कोठें जावें, हा प्रश्नहि तितकाच बिकट असतो. दप्तर, कारकून, टेलिफोनच्या तारा आणि हुकूम देण्याचा अधिकार, हीं सारीं एकाच वेळीं हलवावीं लागतात.

ब्रिटिश सरकारनें हा विचार दुसऱ्या महायुद्धापूर्वींच आरंभिला होता. शत्रूचीं विमानें लंडन उद्ध्वस्त करतील, ही मुख्य धास्ती होती. योजनेचे दोन भाग पाडले गेले. ज्यांच्यावांचून राजधानींतील निकडीचें काम अडणार नाहीं, अशीं खातीं 'पिवळ्या' स्थलांतरांत जावयाचीं. खुद्द पंतप्रधान, मंत्रिमंडळ व निवडक नोकरवर्ग 'काळ्या' स्थलांतरांत. या दुसऱ्या भागासाठीं वूस्टरशायर परगण्यांतील मोठमोठ्या हवेल्या हेरून ठेविल्या होत्या. मंत्रिमंडळाकरितां वूस्टर शहराजवळील हिंडलिप हॉल योजिला होता. कांहीं खातीं प्रत्यक्ष हललींहि. १९३९ सालीं नौदल खात्याच्या शाखा बाथला गेल्या. १९४० सालीं अन्नखातें वेल्समधील कॉल्विन बे येथें गेलें.

इतक्यांत फ्रान्स कोसळला. १० जून १९४० रोजीं फ्रेंच सरकारनें पॅरिस सोडलें. ल्वार नदीच्या खोऱ्यांतील विखुरलेल्या वाड्यांतून मंत्री उतरले. टेलिफोनची व्यवस्था अपुरी, त्यामुळें एका खात्याला दुसऱ्याशीं बोलणेंहि दुष्कर झालें. १४ तारखेस जर्मन फौजा पॅरिसांत शिरल्या, सरकार बोर्दोकडे सरकलें, आणि १७ तारखेस मार्शल पेतां यांनीं लढाई थांबविण्याची भाषा काढली. हा पराभव रणांगणावर आधींच ओढवला होता, हें खरें. पण भटकत्या सरकारास तो सावरण्याची शक्तीहि उरली नाहीं.

चर्चिल त्याच दिवसांत ब्रिआर व तूर येथील बैठकींना हजर होते. ७ सप्टेंबरपासून लंडनवर बाँबचा भडिमार सुरू झाला, तेव्हां सरसकट स्थलांतराची सूचना त्यांनीं मान्य केली नाहीं. मध्य लंडन राहण्याजोगें उरलें नाहीं, तरच तसें करावें, असें त्यांनीं बजावलें. व्हाइटहॉलच्या तळघरांतून कारभार चालला. शहराच्या वायव्येस डॉलिस हिल येथें आणखी एक तळघर सिद्ध होतें, तेथें ३ ऑक्टोबर रोजीं मंत्रिमंडळाची बैठक भरली. 'काळें' स्थलांतर कधींच झालें नाहीं.

कचेरी हलविणें ही सोयीची बाब. सरकार हलणें ही प्रजेच्या धीराची बाब. या दोहोंस योजनेनें आरंभींच निरनिराळे रंग दिले होते. म्हणूनच एक भाग अमलांत आणून दुसरा कपाटांत ठेवणें शक्य झालें.